नव्याण्णव पॉइंट शहाण्णव आणि एक कोरं पान

वणी, जि. यवतमाळ
रविवार

आदरणीय नलूताई आणि भाऊजी यांना धाकट्या धम्मरत्नचा सविनय जय भीम.

तुमच्या दोघांच्या तब्येती कशा आहेत? भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं आणि आता ते चष्म्याशिवाय पेपर वाचून त्यातल्या चुका तुला मोठ्यानं ऐकवतात, हे कळून समाधान वाटलं. (तुझ्याबद्दल थोडी काळजी वाटली.) इकडे आम्ही चालतेफिरते आहोत. तुझ्या भावजयीचा, दीपमालाचा गुडघा जिना चढताना दुखतो आणि लग्नाला जाताना दुखत नाही. माझं बीपी गोळी घेतली की खाली येतं आणि कोणी कॉलेजचं नाव काढलं की वर जातं. ऊन असं आहे की कूलरमध्ये पाणी टाकावं तर तेच गरम निघतं. पण वणीत उन्हाची तक्रार करायची नसते, कारण लगेच समोरचा चंद्रपूरचा आकडा सांगतो.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन आहे. पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, भाऊजी बाजूनं सल्ले देतात, आणि मी दोन वाक्यं बोललो की तिसरं तू माझ्या तोंडातून काढून घेतेस. (हे लहानपणापासूनचं आहे. शाळेत गुरुजींनी माझं नाव मला विचारलं तरी उत्तर तूच द्यायचीस.) कागदावर मात्र तुला मुकाट्यानं ऐकावं लागेल, आणि मला बरंच सांगायचं आहे.

आपल्या उर्वशीला त्या देशभराच्या प्रवेशपरीक्षेत नव्याण्णव पॉइंट शहाण्णव पर्सेंटाइल मिळाले, हे तुला ठाऊक आहेच. दोन वर्षं तुझ्या घरी राहून, तुझ्या हातच्या पोळ्या खाऊन, नागपूरचा क्लास करून तिनं ते मिळवले, त्यामुळे आकडा तुलाही पाठ असणार. तरी पुन्हा लिहितो, कारण लिहायला बरं वाटतं: नव्याण्णव पॉइंट शहाण्णव. ताई, मी काट्यावरचा माणूस. खाणीच्या गेटवर बसून जन्मभर कोळशाचे ट्रक तोलत आलो. रिकामा ट्रक काट्यावर येतो, आकडा घ्यायचा. भरून येतो, आकडा घ्यायचा. वजाबाकी करायची, पावती द्यायची, पुढचा. काटा कधी ट्रकला विचारत नाही की बाबा रे, तुझा छंद काय आणि तुझ्या जीवनाचं ध्येय काय. म्हणून मला परीक्षा हा प्रकार मनापासून आवडतो. पोरगी बसली, आकडा आला, पावती मिळाली, आता फाटक उघडा. इतका सरळ माझा हिशोब होता, आणि तो कुठे फसला हेच या पत्रात आहे.

आमचा शेजारी पूनमसिंग तुला आठवत असेल. ट्रकवाला, तुझ्या मोठ्याच्या लग्नात वीज गेली तेव्हा जनरेटर घेऊन धावला होता तो. निकाल लागल्याबरोबर तो पेढे घेऊन आला आणि त्यानं पहिला प्रश्न केला, "बाकीचं कुठी गेलं?" म्हणजे शंभराला जे किंचित कमी पडलं ते. मी त्याला बसवून समजावलं की हे टक्के नव्हेत. लाख पोरं परीक्षेला बसली असं धर, तर त्यातली चाळीसच आपल्या उर्वशीच्या पुढे आहेत, बाकी सगळी मागे. पूनमसिंगनं पेढा चघळत विचार केला आणि म्हणाला, "मंग झालंच न भाऊ. चाळीस पोट्टे असे कितीक जागा अडवतीन?" मला हे शंभर टक्के पटलं. हे चाळीस जण लक्षात ठेव, ते मला पुढे भेटले.

भाऊजींना माहीत नसेल म्हणून सांगतो, उर्वशीला पुण्याबाहेरच्या एका निवासी कॉलेजातच जायचं होतं. तिथे अर्थशास्त्राला सगळ्या देशातून मोजकीच पोरं घेतात. नागपुरात चांगलं कॉलेज तिला हात जोडून बोलावत होतं, तुझं घर होतं, तुझ्या पोळ्या होत्या. पण नाही. कारण विचारलं तर म्हणाली, क्लासमध्ये प्रश्न विचारला की सर म्हणतात पोर्शन राहून जाईल, आणि त्या कॉलेजात म्हणे पोरांना प्रश्न विचारायलाच बसवतात. हे कारण मला जरा उलटंच वाटलं (मी तर उत्तरं येतात म्हणून तिचं कौतुक करत होतो), पण पोरीचा जीव त्यात अडकला होता. रात्रंदिवस अभ्यास केला तो त्यासाठीच. तिथे नाही मिळालं तर ती रडणार नाही, तुला तिचा स्वभाव माहीत आहे. ती नुसती गप्प बसेल, आणि ते मला बघवणार नाही.

तर पूनमसिंगनं चौकात फ्लेक्स लावला. आपल्याकडे फ्लेक्स लागल्याशिवाय निकाल लागला असं कोणी धरत नाही. त्यावर लिहिलं होतं, पुणे येथील नामांकित कॉलेजात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मी म्हटलं, अरे, अजून अर्ज सुद्धा पुरता भरला नाही. तो म्हणाला, "स्कोर आला म्हणजे सीट आलीच न! आता एवढ्या स्कोरवालीले का दारातून वापस धाडतीन?" खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं, म्हणून मी फ्लेक्ससमोर उभा राहून फोटो काढून घेतला. फ्लेक्सवर मागे त्याचा नवा ट्रक, त्याच्यापुढे उर्वशी, आणि खाली शुभेच्छुक म्हणून त्याचे सगळे ड्रायव्हर. लांबून पाहणाऱ्याला पोरीला लकी ड्रॉमध्ये ट्रक लागला असंच वाटे. दोघांनी तर मला विचारलं सुद्धा, की कूपन कुठे मिळत होतं.

मग सत्कार सुरू झाले. युनियनचा झाला, महिला मंडळाचा झाला, आपल्या विहाराच्या वाचनालयाचा झाला (तिथे पुस्तकं दिली, तो एकच सत्कार पोरीला आवडला), तिच्या जुन्या शाळेचा झाला. प्रत्येक ठिकाणी शाल. वणीच्या उन्हाळ्यात कपाटातला तो शालींचा ढीग नुसता पाहिला तरी घाम फुटतो. एका सत्कारात आमच्याच ऑफिसातल्या एकानं, अगदी हसत हसत, माझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं, की तुमचं काय साहेब, तुमच्या तर सीटा राखीवच असतात. ताई, तुला हे समजावून सांगायला नको. मी खिशातून निकालाचा कागद काढला आणि सगळ्यांच्या यादीतला तिचा नंबर त्याच्या नाकासमोर धरला. तो कागद मी तेव्हापासून खिशातच ठेवतो. लोकांना वाटतं बापाला मिरवायची हौस आहे. हौस आहेच, पण कागदाचं खरं कारण हे आहे.

आणि अशा ऐन भरात कॉलेजचा मेल आला. उर्वशीनं वाचून दाखवला. तुमचा स्कोर पाहिला, उत्तम आहे, असं एका ओळीत उरकून त्यांनी पुढे विचारलं होतं की आता तुमच्याबद्दल सांगा. अभ्यासाखेरीज काय करता. तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची पत्रं जोडा. मग आईवडिलांना घेऊन भेटायला या. मी तिला पुन्हा वाचायला लावलं. मला वाटलं, हे चुकून दुसऱ्या कोणाचं आलं. नव्याण्णव पॉइंट शहाण्णव आणलेल्या पोरीला, तू काय करतेस, असं कोणी विचारतं का? काय करते म्हणजे, नव्याण्णव पॉइंट शहाण्णव आणते.

पण बाप म्हणून कर्तव्य होतं. मी म्हटलं, शिफारस पाहिजे ना, मग शिफारस अशी आणतो की त्यांनी उठून उभं राहिलं पाहिजे. आपल्याकडे शिफारस कोणाची घ्यायची हे लहान पोरालाही कळतं. जो सगळ्यात मोठा, त्याची. मी आणि पूनमसिंग एका माजी सभापतींच्या बंगल्यावर गेलो. त्यांनी उर्वशीला जन्मात पाहिलं नव्हतं, पण त्यात अडचण काही नव्हती, कारण त्यांच्याकडे पत्र तयारच असतं. फक्त नाव भरायची जागा मोकळी. शिक्का इतका मोठा की सही त्याच्या पोटात गेली. मी पत्र छातीशी धरून घरी आलो. उर्वशीनं ते वाचलं. सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचा असून सुस्वभावी व निर्व्यसनी आहे, त्याचेवर कोणताही गुन्हा दाखल नसून तो कोणत्याही संस्थेचा थकबाकीदार नाही, असा मजकूर होता. पोरगी एवढी हसली की तिला उचकी लागली. मग म्हणाली, "बाबा, ते विचारून राह्यले की मले ओळखते कोन. तुमी आनलं की गावात मोठं कोन." मला राग आला. पत्र तिनं जोडलं नाही. तिनं गुपचूप आपल्या शाळेच्या इंग्रजीच्या बाईंना आणि क्लासच्या एका सरांना फोन केला आणि काम उरकून टाकलं. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. भाऊजींना कधी निर्व्यसनी असल्याचा दाखला लागला तर त्यात नाव भरता येईल.

राहिलं अभ्यासाखेरीजचं. तिथे आमची पाटी कोरी, कारण दोन वर्षं मीच तिला सगळं बंद करायला लावलं होतं. दीपमाला म्हणाली हार्मोनियम शिकव. मी म्हटलं, आठवड्यात हार्मोनियमवर राष्ट्रगीतसुद्धा येत नाही. तेवढ्यात पूनमसिंगनं खबर आणली की यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कोणती तरी संस्था वृक्षारोपण करते आणि झाड लावणाऱ्याला समाजसेवेचं प्रमाणपत्र देते, फोटोसकट. मी रजा टाकली. आम्ही तिघांनी पहाटेची एसटी धरली. केळापूरच्या अलीकडे तिच्या इंजिनाचा पट्टा तुटला आणि आम्ही बाभळीच्या सावलीत दुसऱ्या बसची वाट पाहत बसलो. पोरीनं तेवढ्या वेळात कंडक्टरकडून डिझेल, पगार आणि फुकट पासवाल्यांचा सगळा हिशोब काढून घेतला. मी तिला दोनदा सांगितलं की उगीच लोकांचं डोकं खाऊ नको, सावलीत बस.

लोहाऱ्याला पोहोचलो तर तिथे आपल्यासारखेच आईबाप पोरं घेऊन रांगेत उभे. सगळ्यांना कुठल्या ना कुठल्या कॉलेजात समाजसेवा दाखवायची होती. पुढे गेल्यावर व्यवस्था कळली. खड्डा एकच होता. रोपही एकच होतं, कडुलिंबाचं. एक पोरगं यायचं, रोप खड्ड्यात धरायचं, झारी हातात घ्यायची, फोटो निघायचा, मग संस्थेचा माणूस रोप उपसून पुढच्याच्या हातात द्यायचा. काम सुरळीत चाललं होतं. (पाणी मात्र झारीत नव्हतं, त्यामुळे कपडेही खराब होत नव्हते.) उर्वशीचा नंबर आला. तिनं रोप खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, पायानं दाबली आणि तिथेच उभी राहिली. माणूस म्हणाला, ताई, रोप द्या. ही म्हणाली, "लावलं न आता. कायले काढता? दुसरा गड्डा खना." तो म्हणाला जमीन मुरमाड आहे, खणली जात नाही. हिनं बाजूला पडलेली टिकास उचलली आणि खणायला लागली. वर मागच्या रांगेतल्या पोरांना म्हणाली, उभे काय राहता, या. आणि ताई, ती पोरं आली! चांगल्या घरची, पांढरे बूट घातलेली पोरं मुरूम खणायला लागली. आईबाप ओरडायला लागले. संस्थेचा माणूस माझ्याजवळ येऊन हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुमची पोरगी घेऊन जा." प्रमाणपत्र मिळालं नाही. परतीच्या एसटीत मी तिच्याशी बोललो नाही. एवढ्या लांब येऊन, रजा घालवून, एका फोटोपुरतं गप्प राहता आलं नाही तिला.

शेवटी आम्ही तिघं तसेच, समाजसेवेविना, पुण्याला गेलो. ट्रॅव्हल्सनं रात्रभर हाडं खिळखिळी करून सकाळी उतरवलं. कॉलेज बघून माझे डोळे दिपले. एवढी हिरवळ आणि तिच्यावर एकही पाटी नाही की चालू नये. झाडाखाली खुर्च्या मांडून आम्हा पालकांना बसवलं होतं. मी शेजारच्या गृहस्थांना नमस्कार केला, लखनौचे होते, आणि बोलता बोलता सहज (तुला माझा सहज माहीत आहे) खिशातला कागद काढून म्हटलं, हमारी लड़की का निन्यानवे पॉइंट छियानवे आया है. ते शांतपणे म्हणाले, "अच्छा? हमारी का भी." त्यांच्या पलीकडच्या बाईंच्या मुलाचे अठ्ठ्याण्णव, म्हणजे नव्याण्णव पॉइंट अठ्ठ्याण्णव. मागे एक केरळचे होते, त्यांनी तर आकडा सांगायचीही तसदी घेतली नाही, नुसतं हसले. ताई, ते चाळीसच्या चाळीस जण तिथे होते, सहकुटुंब. खिशातला कागद मी घडी घालून परत ठेवला. वणीत ज्या आकड्यावर फ्लेक्स लागतो, तो इथे ज्याच्या त्याच्या खिशात होता.

उर्वशीला आत नेलं ते बराच वेळ बाहेर येईना. आली तेव्हा गाल लाल झाले होते. कसं गेलं म्हटलं तर म्हणाली, भांडण झालं, मजा आली. माझं बीपी तिथेच वर गेलं. मग आम्हा दोघांना बोलावलं. टेबलापलीकडे एक सर आणि एक प्रौढ बाई होत्या, मऊ आवाजाच्या. मी बसल्या बसल्या मुद्द्याला हात घातला. मी विचारलं, मॅडम, स्कोरला वजन किती? त्या म्हणाल्या, वजन आहे. त्यावरून कळतं की ती इथला अभ्यास पेलेल. मग आम्ही बाकीचं बघतो. मी म्हटलं, बरोबर, पण किती? निम्मं? पाऊण? त्या म्हणाल्या, असा आकडा नाही. ज्या काट्यावर आकडा येत नाही त्याला माझ्या खात्यात नादुरुस्त म्हणतात आणि त्याच्यावर लाल कापड टाकतात. हे मी त्यांना सांगितलं. दीपमालानं टेबलाखालून मला पाय मारला. (दुखऱ्या गुडघ्याचाच होता, तरी जोरात लागला.)

त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, स्कोर आमच्याकडे आहे; तुमची मुलगी कशी आहे ते तुम्ही सांगा. सोपा प्रश्न होता. मी म्हटलं, दहावीला सत्त्याण्णव टक्के. त्या म्हणाल्या, हो, आणि आणखी? मी म्हटलं, गणितात पैकीच्या पैकी. आणखी? मी म्हटलं, आठवीच्या स्कॉलरशिपला जिल्ह्यात तिसरी. मग त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मी सातवीवर आलो. सातवीनंतर मला काही आठवेना. तेव्हा दीपमाला बोलायला लागली. ती लोहाऱ्याचं सगळं सांगून बसली, टिकास, मुरूम, पांढरे बूट. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण ते दोघं पोट धरून हसत होते, आणि ते सर डोळे पुसत म्हणाले की मग झाडं लागली की नाही? दीपमाला म्हणाली, चार लागली साहेब. मी चकित झालो. मी मोजलीच नव्हती.

असो. एकंदरीत प्रवास चांगला झाला. बाकी सर्व ठीक. मोठ्याला, सुनेला आशीर्वाद, नातवाला गोड पापा. भाऊजींनी उन्हात फिरू नये.

तुझा धाकटा भाऊ,
धम्मरत्न

ता. क. एक लहानसं काम आहे. निघताना त्या बाई म्हणाल्या, आई बोलल्या, आता बाबांनी लिहून पाठवावं. त्यांनी मला एक कोरं पान दिलं आहे. गुणपत्रिकेत दिसत नाही असं मुलीबद्दल काहीतरी, वडिलांच्या शब्दांत, महिनाअखेरपर्यंत. मी ते काट्यावर घेऊन गेलो, दोन ट्रकांच्या मधे लिहायला बसलो. जेव्हा जेव्हा सुरुवात केली तेव्हा पहिला शब्द नव्याण्णव आला. ताई, पोरगी दोन वर्षं तुझ्याकडे होती. मी दर रविवारी फोन करून टेस्टमध्ये किती, एवढं विचारून ठेवून देत होतो. तिला काय आवडतं, ती कशाला हसते, कशाला घाबरते, असं तुला जे ठाऊक असेल ते एका पानात मावेल एवढं लिहून पाठव. मी माझ्या अक्षरात उतरवून घेईन. तिची सीट या पानावर अडली तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही. तिला किंवा दीपमालाला यातलं काही कळता कामा नये.

ता. क. दीपमालानं पत्र वाचलं. (या घरात पाकीट चिकटवल्याशिवाय काही खाजगी राहत नाही.) ती म्हणाली, "पोरगी सैपाकघरात कैऱ्या फोडून राह्यली अन् तुमी तिचा पत्ता नागपूरले इचारता?" म्हणून गेलो. समोर पाट घेऊन बसलो आणि म्हटलं, उर्वशी, तुले काय आवडते? तिनं अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावला. "काहून बाबा? डॉक्टरनं काई सांगतलं का?" तिला पटवायलाच वेळ गेला की मी धडधाकट आहे. मग मात्र ती बोलली, कैऱ्या संपल्या तरी बोलत होती. मी दर खेपेला नागपूरला नेत होतो ती बालूशाही तिला मुळीच आवडत नाही, ती सगळी भाऊजींच्या पोटात जायची. (भाऊजी, साखर वाढली असेल तर तिचा उगम कळवला.) तू तिला भाजी आणायला पाठवलंस की ती उशीर का करायची तेही कळलं. सकाळची मेथी संध्याकाळी निम्म्या भावात का जाते हे ती बाजारातल्या बायांना विचारत बसायची, आणि एक जण तर तिला बसायला उलटी टोपली द्यायची. शेवटी म्हणाली, "मले भेव वाटते बाबा. तिथी सगळेच माह्यासारखे रायतीन, मंग मी कोन?" मी म्हटलं, मलेही माईत नाही, तू मले सांगत जाय. त्याच बैठकीला पान लिहून काढलं. पहिली ओळ अशी घातली की मला माझ्या मुलीबद्दल फारसं माहीत नव्हतं, म्हणून मी तिला विचारलं. पाठवून दिल्यावर लक्षात आलं की त्यात स्कोर लिहायचा राहूनच गेला. तेव्हा वरचं काम रद्द समज.

ता. क. तिला घेतलं, ताई. पत्र पोस्टात टाकायचं राहून गेलं होतं, तेवढ्यात आजच कॉलेजचा मेल आला. कशामुळे घेतलं, स्कोरमुळे की बाकीच्यामुळे, आणि किती किती, हे विचारायला मी फोन लावत होतो, पण दीपमालानं फोन काढून घेतला. घरात दिवाळी आहे. उर्वशी नाचते आहे, आणि मी बाहेरच्या खोलीत बसून हे लिहितो आहे, कारण मला रडू आलं. ती दोन वर्षं तुझ्याकडे होती तेव्हा मला असं कधी झालं नव्हतं. दर रविवारी आकडा येत होता, आणि मला वाटायचं पोरगी घरातच आहे. आता कुठे ती बोलायला लागली, तर आता तिची बॅग भरायची. म्हणून एक खरं काम सांगतो. तिला पोहोचवायला आम्ही गाडी करणार आहोत, तूही चल. वाट उलटी पडली तरी तुला घ्यायला आधी नागपूरला येतो. तू शेजारी असलीस की ती बोलत राहते. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसेन आणि पुण्यापर्यंत एक शब्द काढणार नाही, नुसता ऐकेन.